सुट्टीतही तग धरणारं झाड : सदाफुली



दर पावसाळ्यात आपण शाळेत रोपं लावतो. मुलं रोज पाणी घालतात, 'हे माझं झाड' म्हणून मिरवतात. मग एप्रिलमध्ये पाण्याची ओढाताण सुरू होते आणि मे महिन्यात शाळेला कुलूप लागतं. शाळा उघडते त्या दिवशी मुलं दप्तर पाठीवर असतानाच झाड बघायला पळतात, तर तिथे वाळलेली काडी! दोन-तीन वर्षं असं झालं की मूल मनाशी ठरवून टाकतं, झाड लावायचं ते त्या दिवसापुरतंच. हा धडा आपल्या मुलांनी शिकू नये असं मला वाटतं. म्हणून माझं सांगणं आहे, मुलाच्या हाती पहिलं रोप सदाफुलीचं द्या.

सदाफुली तुम्ही पाहिलेलीच आहे. भिंतीच्या फटीतही ती उगवते. गुलाबी किंवा पांढरी फुलं, पाच पाकळ्या. ऊन जितकं जास्त तितकी ती खूश. पानं कडू असल्यामुळे शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलेल्या शाळेतही ती टिकते.

लावायची कशी? शेंगा जोडीने लागतात. त्या पिवळसर-तपकिरी झाल्या की फुटायच्या आत काढा. आतलं बारीक काळं बी मातीत पेरून वर मातीचा पातळ थर द्या, कारण हे बी अंधारात चांगलं रुजतं. साधारण दोन आठवड्यांत रोपं दिसू लागतात. चार-सहा पानं आली की हातभर अंतरावर, दिवसभर ऊन येईल अशा जागी लावा. काळी चिकण माती असेल तर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. मुळं धरेपर्यंत नियमित पाणी लागतं, नंतर आठवड्यातून एकदा पुरतं. भर उन्हाळ्यात दुपारी पानं मिटल्यासारखी दिसली तरी घाबरू नका, संध्याकाळी ती पुन्हा सावरतात. उलट पाणी साचलं तर मुळं कुजतात. शेंडे खुडत राहिलं की झाड झुडपासारखं भरतं.

आमच्या वर्गात बाटलीत उरलेलं पाणी सदाफुलीला घालायची पद्धत आहे. कोणी आज घालायचं याचा तक्ता मुलंच करतात. पाचचा पाढा आम्ही फुलं मोजत म्हणतो. एका फुलाच्या पाच, दोन फुलांच्या दहा... मग 'सात फुलांच्या किती?' हा प्रश्न मुलं स्वतःच एकमेकांना घालतात. पट्टीने उंची मोजणं, शेंगेतलं बी मोजणं हेही ओघाने येतं.

भूगोलही येतो. सदाफुली मूळची मादागास्करची. नकाशात आफ्रिकेच्या पूर्वेला ते बेट दाखवा. तिथून आलेलं झाड आपल्या दारात आपलंच होऊन गेलंय! आणि एक गोष्ट मोठ्या मुलांना नक्की सांगा. याच झाडापासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टीन आजही वापरतात.

पण पालकहो, इथेच एक सावधगिरी. औषध मिळतं म्हणून पानं चावून खायची नाहीत. कण्हेर आणि रुईच्या कुळातलं हे झाड आहे, त्याचे सगळे भाग पोटात गेले तर विषारी ठरतात. काही घरांत 'साखरेवर गुणकारी' म्हणून रोज पानं खातात, तसं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मुलांना पहिल्याच दिवशी नियम सांगा : बघायचं, मोजायचं, पाणी घालायचं, तोंडात घालायचं नाही. झाडाला हात लावला की हात धुवायचे.

यंदा सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलाला कागदाच्या पुडीत थोडं बी द्या. पुडीवर त्याचं नाव आणि तारीख त्यालाच लिहू द्या. घरी डालड्याचा जुना डबा असला तरी चालेल, फक्त त्याच्या बुडाला भोक पाडून द्या.