वाईच्या वाड्यातला उजेड

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट मागे पडला, की थोड्या वेळाने सुरूरचा फाटा येतो. तिथे एस. टी. हमरस्ता सोडते, पश्चिमेकडे तोंड करते आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ सरकू लागतात. उजवीकडे पांडवगड, डावीकडे वैराटगड आणि नाकासमोर पाचगणीचे ते सुरीने कापल्यासारखे सपाट पठार. या साऱ्यांच्या मधल्या खोलगटात, कृष्णेच्या काठाने, वाई बसली आहे.

वाईला मी आजवर पुष्कळदा गेलो आहे. मराठीच्या प्राध्यापकाला तिथे जायला वेगळे निमित्त लागत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावात बसून मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. आमच्या धंद्यातल्या माणसाला वाई म्हणजे निम्मे आजोळच. परंतु गेल्या मार्गशीर्षात मी तिथे गेलो तो पुस्तकांसाठी नव्हे. गळ्यात कॅमेरा होता आणि मित्राचे लग्न होते.

मित्राचे वय सेहेचाळीस. या वयात बोहल्यावर चढणाऱ्याकडे पाहून काहींच्या भुवया वर जातात, जाईनात का! वडील लवकर गेले, पाठच्या दोन बहिणींची लग्ने त्याने केली आणि पुढे आईचे दुखणे सुरू झाले. या सगळ्यात वीसेक वर्षे कशी गेली हे त्याचे त्यालाही कळले नाही. नवरी साताऱ्याची, एका ग्रंथालयात काम करणारी, कमी बोलणारी. लग्न कार्यालयात करा म्हणून सगळ्यांनी सांगितले. मित्राने वाड्यातच करायचे ठरवले, कारण आई माजघरात खाटेवर होती. मांडीचे हाड मोडल्यापासून ती उठली नव्हती. तिच्या एका डोळ्याला काचबिंदूने पुरते घेरले आहे, दुसऱ्याने अगदी जवळचे तेवढे दिसते. त्यात झगझगीत उजेडाचा झोत आला, की त्या डोळ्याला पाणी लागते ते तासभर थांबत नाही.

“मंगलाष्टके तिला खाटेवरून ऐकू येतील,” मित्र मला म्हणाला, “पण पाहायचे ते तिने तुझ्या फोटोतच. म्हणून फ्लॅश नको. आणि एक फोटो तिच्याजवळ बसून काढलेला हवा.”

धंदेवाईक फोटोग्राफर दिव्यांच्या दोन छत्र्या घेऊन आला असता. तसे उजेडाशिवाय त्याने तरी काय करावे? म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी फोटो काढतो हे खरे, परंतु ते शिलालेखांचे आणि वीरगळांचे. वीरगळ पापणी हलवीत नाही आणि शिलालेखाला जेवणाच्या पंक्तीची घाई नसते. पुसट झालेला लेख वाचायचा तर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन गाठावे लागते. भर दुपारी तोच दगड कोरा पाटीसारखा दिसतो. उन्हे कलली, की प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली पडते आणि अक्षरे वर येतात. माझी विद्या एवढीच. जिवंत माणसाचे लग्न मी कधी टिपले नव्हते.

मुहूर्त गोरज. गाई रानातून परततात तेव्हा त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती गोरज. शब्द मोठा गोड आहे. पण कॅमेरावाल्याला याहून अवघड वेळ ज्योतिष्यांना सापडली नसती. त्यातून वाईत तर विशेषच. पंचांगात त्या दिवशीचा सूर्यास्त सहाच्या सुमाराचा होता. परंतु पंचांगकर्ते क्षितिज धरून गणित करतात आणि वाईला त्या बाजूला क्षितिजच नाही, पाचगणीचे पठार आहे. थंडीच्या दिवसांत सूर्य नैर्ऋत्येकडे कलून नेमका त्या पठाराच्या आड जातो. पंचांग काहीही म्हणो, गावातले ऊन त्याआधीच उठते. मग कितीतरी वेळ आकाश उजळ आणि घरे अंधारी, असा प्रकार चालू राहतो.

आणि वाडा तर अंधारासाठीच बांधलेला. हे मी टीकेने म्हणत नाही. दिंडी दरवाजातून आत शिरलो, देवडी ओलांडली, की चौक. चौकाभोवती पडवी, पडवीआड ओसरी आणि सर्वांच्या मागे माजघर. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत, तिला खिडक्या थोड्या. वाड्यात उजेड येतो तो वरून, चौकातल्या आकाशातून, आणि एकेक खण आत जाताना निम्मा निम्मा होत माजघराच्या उंबऱ्याशी संपतो. वैशाखात बाहेर रस्ता तापलेला असताना आत गारवा राहतो तो याच युक्तीने. वर सागवानी तक्तपोशी, शंभर वर्षांच्या धुराने काळी झालेली. आजकालचे छायाचित्रकार फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवून उजेड मऊ करून घेतात. फ्लॅशला बंदी नसती, तरी त्या तक्तपोशीने तो पानासारखा चघळून गिळला असता.

तिथून हाकेच्या अंतरावर मेणवली आहे. नाना फडणविसांच्या त्या गावात सिनेमावाले येतात. २००४ सालच्या ‘स्वदेस’चे चित्रण तिथलेच. ते येताना उजेड ट्रकमध्ये भरून आणतात. आमच्या चौकात मांडववाल्याने लावलेले दोन मोठे पिवळे दिवे होते, दोन पांढऱ्या नळ्या होत्या आणि वर लाल-पिवळे कापड.

दुपारी तीनला मी चौकात उभा राहून पाहणी केली. मांडवाच्या कापडातून गाळून येणाऱ्या उन्हाने सगळे पाहुणे शेंदूर फासल्यासारखे दिसत होते. मित्राला सांगून बोहल्यावरचा कापडाचा पट्टा काढवला, तेव्हा आकाश खाली उतरले. पिवळ्या दिव्यांचे वेगळेच दुखणे होते. आकाशाचा उजेड निळसर, दिव्यांचा पिवळा, नळ्यांचा हिरवट. आपला डोळा मोठा समजूतदार आहे. तो तिन्ही रंगांना पांढरेच मानतो. कॅमेऱ्याला ही समज नाही. त्यात नवरीची अष्टपुत्री पिवळी, अंगाला हळद, आणि हळदही वाईची! कुठला पिवळा खरा, हे यंत्राला कोण सांगणार?

मी नळ्या बंद करायला सांगितल्या आणि घरात कुजबुज सुरू झाली. मित्राची आत्या पुढे आली.

“लग्नघरात दिवे विझवायचे म्हणता?”

“विझवायचे नाहीत, आत्या. शांत करायचे.”

भाषेच्या प्राध्यापकाला अशा वेळी त्याचा विषय कामी येतो. आत्या हसल्या. दोन नळ्या शांत झाल्या. पिवळे दिवे मात्र त्यांनी हलू दिले नाहीत, आणि ते बरेच झाले. मांडववाल्याच्या पोराने त्यांची तोंडे नवरानवरीऐवजी ओसरीच्या चुना दिलेल्या भिंतीकडे वळवली. भिंत उजळली, आणि भिंतीकडून जो उजेड परत आला तो दुधासारखा मऊ होता.

आपल्या भाषेत या कलेला दोन नावे आहेत, प्रकाशचित्र आणि छायाचित्र. बंगालीत छायाचित्र म्हटले, की सिनेमा. साध्या फोटोला ते आलोकचित्र म्हणतात. मराठीत मात्र लोकांच्या तोंडी छायाचित्र बसले आणि प्रकाशचित्र कोशात राहिले. वर्गात मी हे दोन शब्द अनेकदा फळ्यावर लिहिले असतील. त्या संध्याकाळी चौकाच्या कडेला खांबाला टेकून उभा असताना आपल्या लोकांनी निवड बरोबर केली असे मला वाटले.

मुहूर्ताची वेळ जवळ आली. आकाश अजून निळे होते. अंतरपाट धरला गेला: पांढरे कापड, मधोमध कुंकवाचे स्वस्तिक. आणि कॅमेऱ्यातून पाहतो तो काय, दोघांचे चेहरे एकदम उजळलेले! अंतरपाटाने वरचा सारा उजेड धरून दोघांच्या तोंडावर टाकला होता. दोघे आपल्या बाजूच्या कापडाकडे पाहत होते, एकमेकांना दिसत नव्हते आणि मला मात्र दोघेही दिसत होते. मी तिथेच पाचसहा फोटो घेतले. कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय, हेही त्याच कापडावरून शिकवले. मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याला ‘सावधान’ येत होते. तो शब्द गुरुजी नक्की कुणासाठी म्हणत होते, कोण जाणे. मी मात्र सावध झालो. अंतरपाट दूर झाला, की हा उजेडही जाणार होता. ज्या क्षणाचा फोटो सारे जग मागते, नेमका तोच क्षण अंधारा!

फिल्मच्या काळात १०० नंबरच्या फिल्मवर इथे हात टेकावे लागले असते. आजच्या कॅमेऱ्यात ३२०० पर्यंत सहज जाता येते, म्हणजे बत्तीसपट. चित्रात रवा सांडल्यासारखे कण येतात, पण माणूस येतो. लेन्स पूर्ण उघडी, शटर एकशेपंचविसांश सेकंदाला. त्याहून सावकाश ठेवले, तर अक्षतांच्या रेघा होतात. अंतरपाट उत्तरेला सरला. वाजंत्री सुरू झाली, अक्षता उडाल्या आणि चुन्याच्या भिंतीकडून येणाऱ्या उजेडात माझ्या मित्राने, वीस वर्षांत त्याला असे करताना मी पाहिले नव्हते, मान वर करून समोर पाहिले. त्याच्या गालाची एक बाजू पिवळी आली आहे आणि दुसरी आकाशाने निळी. जाणकार म्हणतील, रंग जुळवायला हवे होते. मी ते तसेच ठेवले आहेत.

त्याच वेळी माजघरातून आईचा आवाज आला, “पडल्या का रे अक्षता?”

आत जाऊन पाहिले. तिच्या हातात अक्षता होत्या. तिने त्या दाराच्या दिशेने टाकल्या होत्या. काही उंबऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. खाटेजवळ समई होती आणि बाकी काळोख. तिच्याजवळचा फोटो त्या रात्री घेण्यात अर्थ नव्हता. “सकाळी घेऊ,” मी म्हणालो. काकूंनी मान डोलावली. “सकाळी मला जरा बरे दिसतेही,” त्या म्हणाल्या.

पहाटे घाटावर गेलो. वाईचे घाट आळीआळीचे आहेत. कृष्णाबाईचा उत्सवही प्रत्येक घाटाचा निराळा. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे. पाण्याला अडवायचे नाही, वाट करून द्यायची. नदीवर धुके होते आणि पायऱ्यांवर एक बाई तांब्या घासत होती. त्या घासल्या तांब्यावर आकाशाचा एवढासा तुकडा होता. तिला विचारून एक फोटो घेतला आणि परत फिरलो.

दहाच्या सुमारास ऊन पूर्वेच्या पागोळ्यांवरून चौकात उतरले आणि सरकत सरकत माजघरासमोरच्या पायरीशी आले. माजघराचे दार पूर्वेला होते हे आमचे नशीब. पण उंबऱ्याच्या आत ते काही येईना. खाट हलवून बाहेर आणायची, तर काकूंना कळा येतात. मी आत्यांना विचारले, “कालचा अंतरपाट कुठे आहे?”

त्यांनी तो घडी करून देवघरात ठेवला होता. क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आणून दिला. मित्राच्या दोघा भाच्यांना चौकातल्या उन्हात उभे केले. अंतरपाट कमरेच्या उंचीवर आडवा धरायचा, चौकाकडची कड वर, माजघराकडची खाली, धान्य पाखडताना सूप धरतात तसा. पोरांनी एकदोनदा तो हलवला आणि मग माजघराची मागची भिंत हळूच उजळली. कोनाडे दिसू लागले, समई दिसली, खाटेवरची वाकळ दिसली. उजेड आडवा आला होता आणि कुठेही टोचत नव्हता. काकूंनी डोळे मिटले नाहीत.

मित्र एका बाजूला बसला, वहिनी दुसऱ्या बाजूला. काकूंनी वहिनींचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्या बऱ्या डोळ्याजवळ, वीतभर अंतरावर आणला. मी बोललो नाही, इकडे बघा म्हटले नाही. “उजेड आलाय म्हणून सांगते,” काकू तिला म्हणाल्या, “तुझ्या उजव्या भुवईत तीळ आहे.”

पंधरा दिवसांनी त्या फोटोची हातभर मोठी प्रत मी वाईला पाठवली. मित्राचा फोन आला. आई भिंग घेऊन रोज दुपारी ती पाहत बसते, म्हणाला. सून छान आली आहे, मुलगा नेहमीसारखाच आला आहे, पण कोनाड्यातली समई लग्नाआधी कुणी घासली नव्हती, आणि ते काम कुणाचे होते याची चौकशी घरात अजून चालू आहे.