गाडीलाही खोली!

टेक्सासचं ते ताटासारखं सपाट पठार संपलं, न्यू मेक्सिको लागलं आणि क्षितिजावर माथा तासून काढलेले डोंगर उगवायला लागले. हुबेहूब आपले किल्ले! तटबंदी तेवढी बांधायची राहून गेलीय. पण आपल्याकडे किल्ला म्हटला की पायथ्याला गाव, गावात देऊळ, देवळासमोर पार. इथे मैलोन् मैल काही नाही. टपरी नाही, वडाचं झाड नाही, रस्त्याच्या कडेला उगाच बसून राहिलेला एक माणूस नाही. वर आभाळ मात्र इतकं अवाढव्य, की त्याच्या एका कोपऱ्यात पाऊस कोसळताना दिसतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात लख्ख ऊन!

अशा रिकाम्या मुलखात टुकमकॅरी हे गाव आहे. जेमतेम पाच हजार वस्ती. एके काळी रस्त्यावर शेकडो मैल आधीपासून या गावाच्या जाहिराती लागायच्या: आजची रात्र टुकमकॅरीत, मोटेलच्या दोन हजार खोल्या हजर! शिकागोहून निघून लॉस एंजेलिसशेजारच्या सँटा मोनिकाच्या समुद्राला भिडणारा तो प्रसिद्ध ‘रूट ६६’ गावाच्या मधोमध जातो. जवळजवळ चार हजार किलोमीटरचा रस्ता, १९२६ सालचा. त्यावरून निघालेल्या कुटुंबांना रात्र काढायला कुठेतरी थांबावंच लागे, आणि त्या थांबण्यावर हे अख्खं गाव जगत होतं.

संध्याकाळी आम्ही ‘ब्लू स्वॅलो’ मोटेलसमोर उभे राहिलो आणि मी बघतच राहिले. गुलाबी! थेट बत्ताशासारखा गुलाबी गिलावा, ठेंगणी बैठी इमारत, ओळीनं खोल्या, आणि प्रत्येक खोलीला खेटून एक गॅरेज. खोली माणसाची, गॅरेज गाडीचं, पुन्हा खोली, पुन्हा गॅरेज. आपण मुक्कामाला गेलो की गाडी रात्रभर रस्त्यावर धूळ खात उभी असते आणि आपण सकाळी आरसे जागेवर आहेत ना ते बघतो. इथे गाडीही पाहुणी! तिलाही छप्पर, तिलाही दार. हे बांधकाम १९३९ सालचं. त्या काळी गरम झालेलं इंजिन आणि दमलेला माणूस यांची सोय एकाच मायेनं कुणीतरी पाहिली, याचंच मला राहून राहून कौतुक वाटत होतं.

खोलीत गोल तबकडीचा फोन होता. मी उगाचच तबकडी फिरवून पाहिली. तो खरखर परतण्याचा आवाज! आमच्या वाड्यात मालकांकडे असा फोन होता, आणि त्याला कुलूप असायचं.

पण खरी गंमत अंधार पडताना. सूर्य त्या तासलेल्या डोंगरांआड जातो, आभाळ आधी केशरी, मग जांभळं, आणि नेमकं तेव्हाच अंगणातली पाटी पेटते. एकदम नाही. आधी थरथरते, लुकलुकते, मग मोटेलच्या नावातली निळी पाकोळी पंख पसरून आभाळात उभी! खाली लाल, पिवळी, हिरवी अक्षरं, आणि त्यांत एक ओळ मोठ्या दिमाखात सांगते आहे की इथली हवा शंभर टक्के थंडगार केलेली आहे. वाळवंटातून तापून आलेल्या माणसाला तेव्हा याहून मोठी लालूच कोणती असणार? काचेच्या नळीत शुद्ध निऑन भरला की उजेड लालकेशरी पडतो. निळ्यासाठी आरगॉन आणि किंचित पारा लागतो. हे मला ठाऊक होतं, तरी गणपतीत रोषणाई बघायला निघालेल्या पोरासारखी मी तोंड उघडं टाकून उभी. जवळ गेलं की पाटी गुणगुणते, चक्क भुंग्यासारखी.

या मोटेलची खरी मालकीण म्हणून सगळे नाव घेतात ते लिलियन रेडमन यांचं. लहानपणी कापडी छपराच्या घोडागाडीतून कुटुंबाबरोबर या मुलखात आलेली ही बाई. १९५८ साली फ्लॉइड रेडमन यांनी त्यांना वाङ्‌निश्चयाची भेट म्हणून काय द्यावं? हे मोटेल! आपल्याकडे अंगठी, फार तर पाटल्या. बाईंनी ती भेट चाळीस वर्षं चालवली. एखाद्याकडे पैसे नसले तर एखादी वस्तू ठेवून घ्यायच्या, नाहीतर तशीच खोली द्यायच्या. धर्मशाळा पुण्यासाठी असते आणि लॉज धंद्यासाठी, ही आपली सरळ वाटणी. बाईंनी ती मोडीतच काढली होती.

त्यातच १९८१ साली नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, आणि १९८५ मध्ये ‘रूट ६६’ सरकारी यादीतूनच पुसला गेला. आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याशेजारूनही द्रुतगती मार्ग गेला, पण तिथली गावं राहिली. इथे मुख्य रस्त्यावरून चालत गेलं तर दुतर्फा मोटेलांचे सांगाडे. फुटक्या काचा, रिकामे पोहण्याचे हौद, त्यांत वाढलेलं गवत. त्या सगळ्यात ही एक गुलाबी इमारत काजळ-टिकली करून बसलेली. टिकलं ते काही नवेपणामुळे नाही. जुनं होतं तसंच हौसेनं राखलं, म्हणून लोक वाट वाकडी करून येतात.

रात्री सगळे पाहुणे आपापल्या दारासमोर पत्र्याच्या खुर्च्या टाकून बसलेले. अमेरिकेत शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत म्हणतात, इथे तर चाळीची गॅलरी! कोण कुठून आलं, गाडी कुठली, पुढे कुठे जाणार, सगळी चौकशी. लांबून मालगाडीचा भोंगा येतो, गाडी संपता संपत नाही, तेवढा वेळ गप्पा थांबतात आणि मग तिथूनच पुढे सुरू. मी भारतातली म्हटल्यावर शेजारच्या मोटरसायकलवाल्या आजोबांनी लगेच विचारलं, “तुमचंही मोटेल आहे का?” या देशात मोटेलांच्या धंद्यात गुजराती पटेल मंडळींचा एवढा जम बसला आहे, की त्यांचा प्रश्न अगदीच रास्त होता. मी म्हटलं, आम्ही मराठी, आम्ही फक्त राहायला येतो.

आजोबा खूप हसले आणि म्हणाले, मग होलब्रुकला जाच. अ‍ॅरिझोनात, याच रस्त्यावर. तिथे सिमेंटचे पंधरा तंबू उभे आहेत, टोकदार, आदिवासींच्या तंबूसारखे, आणि प्रत्येकात पलंग, न्हाणीघर सगळं! अजून साडेसहाशे किलोमीटर. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं आधीच नकाशा उघडला होता.