कणगीच्या अंगाला

दरवर्षी 30 सप्टेंबरला मी गुरुजींना फोन करते. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, लातूरला लेकाकडं असतात. ऐकू कमी येतं, त्यामुळं ख्यालीखुशाली दोन वाक्यांत आटपते. पण एक प्रश्न ते चुकवत नाहीत : "पट किती? हजर किती?"

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. माझी शाळा नांदेड जिल्ह्यात, हिंगोलीच्या सीमेजवळ. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेची हजेरी कशाला हवी, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण माझा जीव हजेरीमुळंच वाचला आहे.

आमचं गाव किल्लारीपासून चालत जाता येईल इतकं जवळ. घरं सगळी माळवदाची. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. गळती लागली की पावसाळ्यापूर्वी आणखी माती टाकायची, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. घराची मोजदाद खणांत व्हायची. आमचं घर पाच खणांचं. त्यातल्या मधल्या खणात ज्वारीची कणगी होती आणि तिच्या अंगाला माझी वाकळ.

1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात जमीन सारखी हलत होती. 18 ऑक्टोबरला मोठा धक्का बसला. लोक अंगणात, शेतात झोपू लागले. मग धक्के थांबले, थंडी वाढली आणि माणसं परत आत गेली. गुरुजी गेले नाहीत. ते परगावचे, आमच्या गावात खोली करून एकटेच राहायचे. शाळेच्या पटांगणात खाट टाकून ते वर्षभर उघड्यावर झोपले. पावसाचा जोर असला की तेवढे व्हरांड्याच्या कडेला सरकायचे. गाव त्यांना हसायचं. आम्ही पोरंही हसायचो.

त्यांची दुसरी खोड म्हणजे घरभेटी. मूल दोन दिवस दिसलं नाही की संध्याकाळी गुरुजी दारात. सप्टेंबर 1993 मध्ये मी तापानं आठवडाभर शाळेत गेले नव्हते. ते आले, आजीनं चहा दिला, त्यांनी कणगीजवळ बसून माझ्या कपाळावर हात ठेवला आणि पाढे म्हणायला लावले. मी चौथीत होते. सतराचा पाढा अडला, ते आठवतं.

पुढच्याच आठवड्यात गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं, ते मी सांगू शकत नाही, कारण मी झोपेत होते. जाग आली तेव्हा डोळ्यांत, नाकात, तोंडात माती. पाय हलत नव्हता. कणगी तिरकी झाली होती आणि तिच्या आडोशाला एवढीशी पोकळी राहिली होती. आत ज्वारीचा वास येत होता.

बाहेरचं मला नंतर कळलं. मदत यायला वेळ होता. जे उभे होते ते हातांनी, टिकावानं उकरत होते, पण उकरायचं कुठं? गल्ली कुठली, घर कुठलं, हेच ओळखू येत नव्हतं. विसर्जनाला पाहुणे आलेले, कोण कुठं झोपलं याचा पत्ता नाही. गुरुजी पटांगणातून धावत आले. त्यांना प्रत्येक पोराचं घर माहीत होतं, आणि नुसतं घर नाही, झोपायची जागाही. आमच्या ढिगाऱ्यापाशी येऊन ते म्हणाले, "मधला खण. कणगीच्या अंगाला उकरा." उजाडल्यावर मी बाहेर निघाले. आजी आणि धाकटा भाऊ शेवटच्या खणात होते. ते गेले.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून त्या पहाटे किती माणसं गेली, याचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगतात. तोवर हा मुलूख भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. 2002 साली सुधारलेल्या नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

पत्र्याच्या शेडमध्ये आमची शाळा पुन्हा भरली. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली. माझा एक मावसभाऊ त्यांच्यात होता. उरलेल्यांचे गुरुजी तेच. आमच्या भिंती का पडल्या, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. भिंत एक दिसायची, पण असायची दोन पदरांची. आतून एक, बाहेरून एक, मध्ये माती आणि दगडांचा चुरा. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड गवंड्यानं घातलेलाच नसायचा. जमीन हलली, पदर सुटले आणि डोक्यावरची माती खाली आली. "देवाचा कोप नाही, पोरांनो. बांधकामाची चूक आहे, ती सुधारता येते," असं त्यांचं म्हणणं. पुढं 52 गावं नव्या जागी बसली. माझंही त्यांतलं एक. नव्या बांधकामांत काँक्रीटचे पट्टे आले आणि जुनी घरं मजबूत करताना भिंतींत आरपार दगड बसवले गेले.

त्या शेडमध्ये आम्हांला एक खेळ असायचा. पुढं कित्येक महिने बारीक धक्के येत राहिले. धक्का आला की बाहेर पळायचं आणि रांगेत उभं राहायचं. गुरुजी विचारायचे, "तुझ्या डावीकडं कोण? उजवीकडं कोण?" प्रत्येकानं दोन नावं सांगायची. नाव अडलं की सगळ्यांनी शोधायचं. आईवडिलांसाठी रडणारी पोरंही ती दोन नावं न चुकता सांगायची.

मी डी.एड. करून नोकरीला लागले ती याच आठवणीवर. तरी माझ्या शाळेत मी काय केलं, ते कबूल करायला हवं. आपत्ती व्यवस्थापनाची फाईल केली. कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी आग लागून 94 मुलं गेली, त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांच्या सुरक्षिततेबद्दल आदेश दिले. 2016 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. हे सगळं फाईलमध्ये होतं. समितीची नावं, आराखडा, सह्या, शिक्के. तडा गेलेल्या एका खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्तावही होता, वरून उत्तर न आलेला.

मग 2024 उजाडलं. 21 मार्चच्या सकाळी सहा वाजून गेल्यावर हिंगोलीकडून लागोपाठ दोन धक्के आले. नांदेडच्या प्रशासनानं लोकांना सांगितलं, पत्र्यांवर वजनासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. आमच्याकडं घरोघरी वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवतात. धक्क्यात तेच डोक्यावर येतात. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा जमीन हलली. धक्का 4.5 तीव्रतेचा, केंद्र कळमनुरी तालुक्यात. त्या दिवशी शाळेत पोरांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. "बाई, आमचे पत्रे कसे वाजायलते!"

मी फाईल बाजूला ठेवली आणि पोरांना घेऊन पटांगणात गेले. गुरुजींचा खेळ शिकवला. दुसऱ्या दिवशी न सांगता घंटा दिली. पोरं दप्तरं टाकून, डोक्यावर हात धरून बाहेर आली. भिंतीपासून लांब, विजेच्या तारेपासून लांब. पट 87, हजर 81. मोजली, 81 भरली. डावीकडची-उजवीकडची नावं सगळ्यांनी सांगितली. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात स्वयंपाकखोलीतून आवाज आला, "बाई, घंटा लवकर कशी काय झाली आज? खिचडी अजून शिजायली की!"

खिचडीवाल्या ताई आत होत्या. शेगडी पेटलेली, बाजूला सिलिंडर, आणि पोत्यावर त्यांची तीन वर्षांची नात खेळत बसलेली. आम्ही कुणी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. आमच्या कुठल्याच यादीत त्या नव्हत्या, नात तर नव्हतीच. कुंभकोणमची आग स्वयंपाकाच्या जागेतूनच सुरू झाली होती, हे माझ्याच फाईलमध्ये लिहिलेलं होतं.

त्या वर्षी मी 30 सप्टेंबरची वाट पाहिली नाही, त्याच रात्री फोन केला. गुरुजींना सगळं मोठ्यानं, दोनदा सांगावं लागलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पट मोजलास पोरी. माणसं नाही मोजलीस."

कणगीच्या अंगाला मी झोपते, हे गुरुजींच्या कुठल्या हजेरीपटात नव्हतं. ते त्यांना चहा पिताना दिसलं होतं. त्यांचं हे देणं त्यांना परत करता येणारं नाही, आणि त्यांनीही ते कधी मागितलेलं नाही. फक्त दरवर्षी विचारतात.

आता आमच्या शाळेत परिपाठ झाला की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिला जातो : त्या दिवशी आवारात असलेली सगळी माणसं. दुपारी कुणी गेलं किंवा आलं, तर तो बदलायचं काम चौथीच्या वर्गाकडं आहे. सिलिंडर खोलीबाहेर गेलं आहे, वर्गातलं कपाट भिंतीला पट्टीनं पक्कं केलं आहे, तडा गेलेल्या खोलीला कुलूप आहे. प्रस्तावाचं उत्तर अजून आलेलं नाही.

काल पटावरची 79 मुलं हजर होती. फळ्यावरचा आकडा 86 होता : चार शिक्षक, दोन ताई आणि नात धरून.