तारेचे कान

गेल्या दिवाळीत डांबर पडलेला आमच्या गल्लीतला रस्ता परवा पुन्हा खणला. कडेला नारिंगी पाइपची भेंडोळी पडली होती. "काय टाकताय रे?" म्हणून विचारलं, तर चरातला पोरगा मान वर न करता म्हणाला, "फायबर, काका." फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काच. आपल्या गप्पा, सिनेमे, बिलं, सगळं तिच्यातून उजेड होऊन पळत असतं. भिंतीला कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या तारेलाही असतात, हे मला कळलं ते अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या किड्यांमुळे.

सिकाडा हे नाव परकं, किडा मात्र ओळखीचा. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या भर दुपारी अख्खं झाड किरकिरतं, ते यांच्यामुळेच. पण किरकिरणाऱ्या सगळ्यांना आपण एकाच दावणीला बांधतो: रातकिडे. मग तो दिवसाढवळ्या का ओरडेना! अमेरिकेतही तीच गत. तिथे याला पूर्वापार टोळ म्हणायची पद्धत. जून १९७० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठानं बॉब डिलनला मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा झाडाझाडांवर यांचा गजर चालला होता. डिलननं त्या दिवसावर गाणं केलं आणि त्याच्या नावातही टोळच घातले. गाणाऱ्याच्या कानाला सूर लागला, नाव तेवढं चुकलं.

हे किडे ‘ब्रूड टेन’ नावाच्या गटाचे. सतरा वर्षं मातीखाली मुळांचा रस पीत बसायचं, मग लाखोंनी वर येऊन काही आठवडे गायचं आणि मरायचं. १९७०, १९८७, २००४, २०२१. गातो तो नर. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा दाबला की ‘टक्’ वाजतो ना, तसे दोन पडदे त्याच्या पोटाच्या बाजूंना असतात. स्नायू ते इतक्या झपाट्यानं आत ओढतात की टकटकीची किरकिर होते, आणि पोकळ पोट ती घुमवतं.

२०२१ मध्ये ते वर आले, तेव्हा प्रिन्स्टनमधल्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत पस्तीस फुटी तीन खांबांवर फायबरची केबल ताणलेली होती. ती काही किड्यांसाठी नव्हती. तारेला काय काय जाणवतं, हे तपासायला होती. शेजारची झाडं वाजू लागली आणि तारेनं तेही टिपलं.

कसं? काच कितीही शुद्ध केली, तरी तिच्यातून जाणाऱ्या उजेडातला कणभर भाग मागे विखुरतोच. आकाश निळं दिसतं तेही याच विखुरण्यानं. काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड दूरवर जाईल, हे शास्त्रज्ञ चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवलं. तेव्हापासून हे विखुरणं म्हणजे उणीव, नुकसान. पण लेझरचा ठोका सोडला आणि माघारी आलेला हाच उजेड तपासला, तर तार कुठे थरथरली ते कळतं. एक किलोमीटर जाऊन परतायला त्याला सेकंदाचा जेमतेम लाखावा भाग लागतो. तेवढ्यावरून जागा सापडते. काचेतली खोट होती, तोच तिचा कान झाला.

२०२३ मध्ये या नोंदी कीटकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आल्या. जूनच्या पाच दिवसांत गजर ओसरत गेलेला तारेनं नोंदला. सूरही सेकंदाला बाराशे ते पंधराशे कंपनांच्या दरम्यान, तापमानाबरोबर हलत होता. 

किडा ऐकणारी तार आपलं बोलणंही ऐकेल का, ही शंका मला आलीच, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. तरी दुसरा विचार जास्त रेंगाळला. सतरा वर्षांनी एकदा बोलणाऱ्याचं ऐकायला ऐकणाराही तितकाच चिवट लागतो. माणसाची बदली होते, अनुदान संपतं, उत्साह आटतो. तार जागची हलत नाही.

२०२१ मध्ये गाऊन गेलेल्यांची पिल्लं आत्ता तिथे मातीखाली रस पीत बसली आहेत. ती २०३८ मध्ये वर येतील.