दोन पत्त्यांचा आकडा

व्याकरणाच्या तासाला मी विकारी आणि अविकारी शब्द शिकवतो, तेव्हा मागच्या बाकांवर हमखास जांभया सुरू होतात. आमच्या पुतण्याची रोजीरोटी मात्र याच भेदावर चालते! रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या पंपाचे प्रोग्रॅम तो लिहितो. भाषा सी, बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेली.

घरच्या संगणकात प्रोग्रॅम उचलून रॅममध्ये आणून ठेवणारा कारभारी असतो. पंपात असा कोणी नाही. वीज आली की चिपने रॉममध्ये कोरलेले वाचायचे आणि कामाला लागायचे. रॉम वीज गेली तरी विसरत नाही, पण काम चालू असताना तीत खाडाखोड करता येत नाही. रॅममध्ये हवी तेवढी खाडाखोड करा. मात्र वीज जाऊन आली की तीत काय उरले असेल, ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. शिवाय ही रॅम मोठी चिमुकली. अर्डुइनो ऊनोच्या चिपमध्ये कायमची जागा ३२ किलोबाइट, रॅम अवघी २. म्हणून कधीच न बदलणारे आकडे, म्हणजे आमची अव्यये, शक्यतो रॉममध्येच ठेवायची.

पंचाईत होते ती विकारी मंडळींची. पंपाचा वेग आरंभी ५, पुढे डॉक्टर बदलतील तसा. बदलायचा म्हणून त्याने राहायचे रॅममध्ये. पण तो आरंभीचा ५ वीज नसताना सांभाळणार कोण? रॉमच. म्हणून लिंकर नावाचा प्रोग्रॅम अशा आकड्याला दोन पत्ते देतो. मुंबईच्या चाकरमान्याला गावचा एक आणि खोलीचा एक असतो ना, तसे! मुख्य काम सुरू होण्यापूर्वी चार ओळींचा एक हमाल सगळे आकडे गावाहून खोलीवर आणून टाकतो आणि ज्यांना आरंभीची किंमतच नाही त्यांच्या जागी शून्य मांडतो.

पुतण्याच्या पंपात हा हमालच नव्हता. तरी टेबलावर पंप तीन आठवडे बिनचूक चालला, कारण तपासणीच्या केबलमधून संगणकच ते आकडे परस्पर रॅममध्ये भरत होता. पंप रुग्णालयात चाचणीला जायच्या आदल्या रात्री त्याने केबल काढली, बटण बंद करून पुन्हा चालू केले, आणि समोरची बाटली बघता बघता रिकामी झाली. बाटलीत पाणी होते, नळी बादलीत होती.

"अरे, चार ओळींसाठी एवढे?" वहिनींनी विचारले. तो काही बोलला नाही. त्या रात्री त्याने ते बटण चाळीस वेळा बंद-चालू केले, आणि दर वेळी आकडा वहीत लिहून ठेवला.