मुंगी आणि नात

चातुर्मासातील सकाळ. लातूरच्या घरी अंगणातील मुंगीवर दीड वर्षाच्या नातीने बोट नेले. आजींनी हात ओढला नाही; "तिला दुखतं गं," एवढेच म्हणाल्या. बोट थबकले. ते दयेने, की आजींच्या स्वराने? माहेरपणाला आलेल्या नांदेडच्या लेकीने २००७ सालचा येल विद्यापीठातील प्रयोग सांगितला: सहा व दहा महिन्यांच्या बहुतेक बाळांनी अडवणाऱ्यापेक्षा मदत करणारे खेळणे निवडले होते. मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक बाळांच्या पडताळणीत तसा कल आढळला नाही. आजींना नवल वाटले नाही. त्यांनी चार मुले वाढवली होती. दुसऱ्या दिवशी नातीने मुंगी चिरडलीच, आणि मग बराच वेळ आजींच्या तोंडाकडे पाहत राहिली.