रिकामा ताबा

आमचं मूळ घर दिवाडीला आहे असं मी वर्गात सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, "दिवाळीला?" मग मी सांगते की दिवाडी हे गोव्यात मांडवी नदीतलं बेट आहे. ओल्ड गोव्यासमोरचं. तिथे जायला पूल नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं. कोकण रेल्वेचा रूळ बेटावरून जातो, पण गाडी तिथे थांबत नाही. गाडीतल्या लोकांना दोन मिनिटं हिरवी शेतं दिसतात आणि संपलं.

बेळगावहून आम्ही चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करत नार्व्याला येतो आणि तिथून फेरी घेतो. पप्पांना हाच रस्ता आवडतो. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतलेलं. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो नदी ओलांडून इकडे आला. म्हणजे आमच्या बेटावरून आधी देव गेला आणि मग माणसं. आमचे शापाय, म्हणजे आजोबा, नोकरीसाठी बेळगावला आले आणि कॅम्पात भाड्याच्या खोलीत राहिले. म्हणून माझी मराठी बेळगावची आणि आडनाव गोव्याचं.

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही गेलो ते बोंदेऱ्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण पप्पांच्या बॅगेत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होतं. घर विकायचं ठरत होतं.

इथे जरा हिशेब सांगावा लागेल. शापायना धरून ती पाच भावंडं. एक तारवटी होता, बोटीवरच गेला, लग्न झालेलं नव्हतं. एक भाऊ लिस्बनला स्थायिक झाला, तोही गेला, त्याची चार मुलं. एका बहिणीची दोन मुलं मुंबईत. शापायची तिघं, त्यात पप्पा. आणि शेवटची टिटी, ती घरातच राहते, एकटी. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याचा वारसा अजून चालतो. मुलगा-मुलगी समान, आणि आईबापाला मृत्युपत्राने अर्धीच मालमत्ता हवी तशी देता येते, उरलेली अर्धी मुलांचीच. शिवाय नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे विकताना जोडीदाराचीही सही लागते. आमच्या घराचे वारस दहा आणि सह्या अठरा! पंधरा झाल्या होत्या. पप्पा, मम्मी आणि टिटी उरले होते. पप्पांचा हिस्सा बारावा. त्यातून माझं हैदराबादचं एम.ए. आणि धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी निघणार होती. हे मी लपवत नाही. फेरीत उभी असताना मी मनात त्या पैशांची वाटणी करून टाकली होती.

टिटी शहात्तर वर्षांची. पोर्तुगीज शाळेत शिकली, त्यामुळे पोर्तुगीज वाचते, रोमी लिपीतली कोंकणी वाचते. इंग्रजी कामापुरती. तिच्याकडून मी ऐकलं की सिंहली भाषेत ख्रिस्ती साहित्याचा पाया घालणारे फादर जाकोम गोन्साल्विस आमच्या दिवाडीचे. आम्ही वर्गात फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' शिकलो, १६१६ चं, त्यांनी परदेशातून येऊन मराठीत लिहिलेलं. टिटीचं म्हणणं, "येणाऱ्यांचं तुम्ही शिकता, आमच्यातून गेलेल्यांचं कोण शिकवतो?" तिला मी उत्तर दिलं नव्हतं.

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर टिटीने फोल्डर माझ्यापुढे सरकवलं. पप्पांपुढे नाही. "तूं भाशा शिकतां न्हय? कितें बरयलां तातूंत?" मसुदा लिस्बनच्या चुलत काकांनी पाठवलेला, इंग्रजीत. सर्व्हे नंबर, चौरस मीटर, चतुःसीमा. पूर्वेला अमुक नंबर, पश्चिमेला अमुक नंबर. मी वाचत गेले, ती ऐकत होती. एकदाच मध्ये म्हणाली, "आनी बांय खंय आसा?" विहीर कागदात नव्हती. मी पुढे गेले आणि 'व्हेकंट पझेशन'पाशी थांबले.

मराठीत 'रिकामा ताबा'. मला तिथे दुसरं काही म्हणता आलं असतं. 'ताबा देणे' एवढं म्हटलं असतं तर खोटंही झालं नसतं. पप्पा माझ्याकडे बघत होते, असं मला वाटलं. कदाचित बघतही नसतील. मी म्हटलं, "टिटी, विकत घेणाऱ्याला घर रितें करून दिवपाचें."

"रितें?" ती म्हणाली. "हांव आसां न्हय?"

तिच्यासाठी पणजीत छोटा फ्लॅट बघायचं ठरलंय, असं पप्पांनी समजावलं. दवाखाना जवळ, रात्री फेरी बंद झाली म्हणून अडायला नको. हे काही चुकीचं नाही. बेटावर पूल हवा की नको यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात, आणि दोन्ही बाजूंचं खरं आहे. रात्री छातीत दुखलं तर पूल हवा. पूल झाला तर आमच्या घरासारखी घरं किती दिवस टिकतील, हेही दिसतंच. टिटीने सगळं ऐकून घेतलं आणि भांडी घासायला उठली.

सकाळी सहालाच तिने मला उठवलं. छत्री दिली, स्वतः डोक्यावर गोणपाट घेतलं आणि मला जमीन दाखवायला नेलं. शापायच्या बापाने लावलेला मानकुराद. ती बांय. शेजाऱ्याशी सात वर्षं ज्याच्यावरून बोलणं बंद होतं तो जांभ्या दगडाचा गडगा. मग उतारावरून खाली खाजनापर्यंत. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असलेलं शेत. नदीला बांध घालून आत ठेवलेलं. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. बांध फुटून खारं पाणी शिरलं की शेत काही वर्षं वाया. म्हणून तिथे कोरगूट लावतात, ते भात खारटपणा सोसतं. ही जमीन आमची नव्हे, कोमुनिदादीची, म्हणजे गावकरीची. तिचा जोण, म्हणजे वर्षाचा वाटा, पुरुषांनाच मिळत आला. टिटी म्हणाली, "सरकारच्या कायद्यान म्हाका घर दिलें, गांवान म्हाका कांय दिलें ना. आनी हांवूंच हांगा उरलें." हे ती रडून नाही, हसून बोलली.

दुपारी बोंदेरा. ऑगस्टचा चौथा शनिवार. सांगतात की वाड्यावाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर बावटे रोवले आणि लोकांनी ते दगड मारून पाडले. आता त्याचीच मिरवणूक निघते, पोरं बांबूच्या फोटाशीतून फळं मारतात, ब्रास बँड वाजतो, बाहेरून आलेले लोक रील काढतात. माझ्या कानाखाली एक फळ सणसणीत लागलं. टिटी दारात खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून देत होती: "आमच्या भावाची नात. तिका सगळें वाचूंक येता."

रविवारी मिसानंतर आम्ही निघालो. टिटीने सही केली नव्हती, नाहीही म्हटलं नव्हतं. फोल्डर तिने स्वतः पुसून पप्पांच्या बॅगेत ठेवलं आणि वर दोदोलचा डबा. सगळं कोर्टात गेलं, तर वारसांमध्येच बोली लागते आणि जास्त बोलणारा घेतो. टिटीकडे बोलायला पैसे नाहीत. हे तिला माहीत आहे. पप्पांनाही.

फेरीत पाऊस आडवा येत होता. पप्पा नार्व्याच्या धक्क्याकडे तोंड करून उभे होते. बराच वेळाने म्हणाले, "ते रिकामं वगैरे तू आत्ताच सांगायला हवं होतंस का गं?"

मी म्हटलं, "तिने विचारलं, पप्पा."

ते काही बोलले नाहीत. फेरी धक्क्याला लागली, साखळ्या खडखडल्या, स्कूटरवाले पुढे सरकले. मग बॅग खांद्यावर घेत त्यांनी विचारलं, "बाबूची फी भरायची शेवटची तारीख कधी आहे?"

"पंधरा सप्टेंबर," मी म्हटलं.